इंटरव्ह्यू चाललाय, वाजवू नका!

कोल्हापुरातल्या बऱ्याच सरकारी नोकरांनी माझा कोट घातलेला आहे. ही बढाई वाटेल, पण खोटी नाही. बँकेतला कॅशियर, एसटीचा कंट्रोलर, तालुक्याच्या शाळेतले मास्तर, कोर्टातला बेलिफ, यांच्या नोकरीच्या अर्जावर जो फोटो चिकटवलेला होता, त्यातला काळा कोट माझ्या स्टुडिओतल्या खिळ्याला टांगलेला असायचा. नोकरी लागली की माणूस स्वतःचा कोट शिवायचा, तो घालून लग्नाला उभा राहायचा आणि त्याचेही फोटो काढायला मलाच बोलवायचा. आयुष्यातला पहिला कोट कुणाचा घातला होता, हे तो नव्या नवरीला सांगत नसे. मीही कधी सांगितलं नाही.

माझा फोटो स्टुडिओ मंगळवार पेठेतल्या एका गल्लीत आहे. अब्बांनी सुरू केला, मी चालवला, आता मुलगा लग्नांचे व्हिडिओ करतो आणि मी काउंटरवर बसून त्याच्या कामात नाक खुपसतो. सगळी गल्ली मला चाचा म्हणते. लग्नं केली, बारशी केली, शाळांचे ग्रुप फोटो केले, पण आमच्या घरची चूल पेटती ठेवली ती नोकरीच्या पासपोर्ट फोटोनं. संपादकांनी "फोटोग्राफीवर लिहा" असं सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, फोटोग्राफीवर लिहिणारे मोठे लोक आहेत. मी आमच्या स्टुलावर बसलेल्या माणसाबद्दल लिहितो. नोकरी शोधणारा माणूस मी जितक्या जवळून पाहिला, तितका त्याला नोकरी देणाऱ्या साहेबानंही पाहिला नसेल.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पूर्वी फोटो काढणं म्हणजे एक दिवसाचं काम नव्हतं. आज बसायचं, परवा न्यायला यायचं. मधल्या वेळात आम्ही अंधाऱ्या खोलीत निगेटिव्ह धुवायचो, वाळवायचो आणि बारीक टोकाच्या पेन्सिलीनं तिच्यावर काम करायचो. देवीचे वण, मुरमं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसट करायची. अब्बा सांगायचे, "चेहरा बदलू नको. फक्त तो काल नीट झोपला होता असं दिसू दे." हे एक वाक्य म्हणजे माझं सगळं शिक्षण. रात्रपाळी करून इचलकरंजीहून पहाटेच्या गाडीनं आलेली कापड खात्यातली, म्हणजे यंत्रमागावरची पोरं माझ्या स्टुलावर बसायची. त्यांना एका रात्रीची झोप मी पेन्सिलीनं दिली आहे.

कोट मधल्या मापाचा होता. बारीक माणूस असला की पाठीमागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे, जाडा असला की मागची शिवण उसवलेली होतीच. टायला गाठ कायमची मारून मागं इलॅस्टिक लावलं होतं. खाली लुंगी असो, पायजमा असो, नाहीतर शेतातून थेट आलेल्या माणसाची चिखल लागलेली चड्डी असो, वरून साहेब. अलीकडे घरातून कॅमेऱ्यासमोर काम करणारी मुलं वरून शर्ट आणि खाली बर्मुडा घालतात, त्याचं लोकांना फार हसू येतं. तो शोध आमच्या गल्लीत कधीच लागून गेला होता.

एकदा एक पैलवान आला. एका कारखान्यात सुरक्षारक्षकाची भरती होती. कोट त्याच्या अंगात जाईना. एक हात गेला, दुसरा कोपरापाशी अडकला, आणि त्यानं जरा छाती भरली तर कोटानं जीव सोडला असता.

"चाचा, आत जायाचं काय कारण हाय? निस्ता म्होरनं धरा की," पैलवान म्हणाला.

मग मी कोट पुढून छातीवर टेकवला आणि खांद्यांवर टाचण्या लावल्या. तो भिंतीसारखा स्थिर बसला. खरी पंचाईत पुढेच होती. अर्जात लिहिलं होतं, दोन्ही कान स्पष्ट दिसले पाहिजेत. आणि कुस्तीत मोडून मोडून त्याच्या कानांचे झाले होते दोन लाडू. कान दिसत होते, पण कान आहेत हे कुणाला कळलं नसतं. तो म्हणाला, "पेन्सिलीनं जरा कान काढा." मी म्हणालो, "पैलवान, तुमची डिग्री तीच आहे. साहेबाला बघू दे." त्याला ती नोकरी लागली. पुढं कित्येक वर्षं तो गेटवरून मला हात करायचा आणि ओरडून सगळ्यांना सांगायचा, ह्या माणसानं माझे कान राखले.

त्या काळी नोकरी शोधायची म्हणजे काय, हे आताच्या मुलांना सांगितलं तर गंमत वाटते. वर्तमानपत्रातली जाहिरात कापून पाकिटात ठेवायची. सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवायचं आणि त्या कार्डाचं नूतनीकरण विसरायचं नाही. पोस्टल ऑर्डर काढायची. साक्षांकित करायला एखादा राजपत्रित अधिकारी गाठायचा, तो जेवायला गेलेला असायचा. मग वाट बघायची. मुलाखतीचा कॉल आला की गाव गोळा व्हायचं. कुणी कोल्हापुरातल्या पाहुण्यांचा पत्ता द्यायचं, कुणी बूट द्यायचं, कुणी अंगारा. नोकरी एकाला लागायची, पण शोधायला दहा जण असायचे. न मागता सल्ला देणारे वीस, ते वेगळे. त्या गर्दीचा वैताग यायचा हे खरं, पण माणूस एकटा नसायचा.

माझ्या नावाला एक खुळ चिकटलं होतं. गडहिंग्लजकडच्या एका घरातली तिन्ही भावंडं ओळीनं नोकरीला लागली आणि तिघांचेही फोटो माझ्याकडचे होते. झालं! "चाचाच्या हाताला गुण हाय," अशी बातमी पसरली. लांबलांबून लोक येऊ लागले. एकानं तर विचारलं, "त्ये मधलं ज्या स्टुलावर बसलं हुतं, त्येच हाय न्हवं ह्ये?" स्टूल दोनदा बदललेलं होतं. मी म्हणालो, "तेच आहे, बसा." माणसाला धीर हवा असतो आणि माझ्या खिशातून काही जात नव्हतं.

पण ज्यांना हा गुण लागू पडला नाही, त्यांचं काय, हेही सांगितलं पाहिजे. शिरोळ तालुक्यातला एक मुलगा स्पर्धा परीक्षा द्यायचा. दरवर्षी नवा फोटो लागायचा म्हणून दरवर्षी यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा केस इतके दाट होते की कपाळ दिसावं म्हणून मला ते मागं फिरवायला लावावे लागले. मग एकेका वर्षानं कपाळ आपोआप मोठं होत गेलं. निगेटिव्ह धुताना त्याचा चेहरा पाण्यात वर यायचा आणि मी आधी कपाळ बघायचो. एका वर्षी तो आलाच नाही. नोकरी लागली म्हणून आला नाही, की वय संपलं म्हणून, हे मला आजतागायत माहीत नाही. असे किती तरी चेहरे आहेत. त्यांना शेवटी काय मिळालं हे आम्हा फोटोवाल्यांना कुणी कळवत नाही, ही या धंद्यातली सगळ्यांत मोठी हळहळ आहे.

पुढं रंगीत फोटो आले, मग डिजिटल आले, मग अर्जच कागदावरून उडाला. फोटो पन्नास केबी, सही वीस केबी, पार्श्वभूमी पांढरी. नेट कॅफेवाले अर्ज भरून द्यायला लागले. मोबाइलवाली पोरं स्टँडच्या भिंतीला टेकून स्वतःच फोटो काढायला लागली. आमचा धंदा अर्ध्यावर आला, पण कॉम्प्युटरनं नाकारलेली माणसं माझ्याकडे येऊ लागली. एक काका आले, कुठल्याशा सोसायटीत सचिवाची जागा होती. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, पांढऱ्या मिश्या. त्यांच्या नातवानं पांढऱ्या भिंतीसमोर फोटो काढला होता. कॉम्प्युटर म्हणत होता, चेहरा सापडत नाही. काका संतापले होते. "सत्तावीस गावं वळखत्यात मला, आनि ह्येला सापडंना?" मी टोपी काढायला सांगितली तर आणखी संतापले. शेवटी टोपी तशीच ठेवून वर माझं काळं जाकीट घालण्यावर सौदा पटला.

हसण्यावारी नेलं तरी त्यातली एक गोष्ट मला टोचत राहिली. पूर्वी नाही म्हणायलाही माणूस असायचा. साहेब तोंडावर म्हणायचा, जागा भरली. शिवी घालायला तरी कुणी तरी समोर असे. आता मुलं शंभर ठिकाणी अर्ज पाठवतात आणि कुठून ना होय येतं, ना नाही. स्क्रीनवर आपलं "विचाराधीन".

टाळेबंदीच्या सुमाराला मुलाखतीसुद्धा कॅमेऱ्यावर व्हायला लागल्या आणि मला वाटलं, आता आपण पुरते संपलो. झालं उलटंच. घरात जागा नसलेली, गावात रेंज नसलेली मुलं विचारायला लागली, "चाचा, तुमच्याकडं बसू काय तासभर?" मुलानं तारेचं इंटरनेट घेतलं. मी मागच्या खोलीत निळा पडदा लावला, समोर मऊ उजेडाचा दिवा ठेवला, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणला. हे तर मी जन्मभर करत आलो होतो. फक्त आता समोरचा चेहरा बोलत होता. बायको, शहनाज, चहा करून देते आणि जाताना प्रत्येकाला सांगते, "बेटा, घाबरू नको, तेबी माणसंच हाईत." तो निळा पडदा लागल्यापासून स्टुडिओ पुन्हा नोकरीवाल्यांचा झाला.

आता अश्विनीची गोष्ट सांगतो, कारण खरं तर तिच्यासाठीच मी लिहायला बसलो.

अश्विनी कांबळे राधानगरीच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. रसायनशास्त्रात पदवी, पुण्यात एका कंपनीच्या प्रयोगशाळेत चांगली नोकरी. वडील अंथरुणाला खिळले म्हणून ती सोडून गावी आली. दोन-अडीच वर्षं त्यांचं सगळं केलं. वडील गेले आणि घरात आई एकटी राहिली. पुण्याला यायला आई तयार नव्हती. "मी त्या डब्यात ऱ्हानार न्हाय," एवढंच म्हणायची. मुलगी पुन्हा नोकरी शोधायला लागली तर मधली वर्षं आडवी आली. जिथं अर्ज करावा तिथं यंत्र विचारी, या काळात काय करत होतात? बापाची सेवा, असा पर्याय त्या रकान्यात नसतो. ती फोटो काढायला माझ्याकडे आली तेव्हा वर्षभर अर्ज करत होती आणि तिला एकाही माणसाचा फोन आलेला नव्हता.

मग एक दिवस ती धापा टाकत दुकानात आली. आमच्या भागातल्या मुली "मी आलो, मी गेलो" असं मुलग्यांसारखं बोलतात, ही पण तशीच.

"चाचा, मला बोलावलंय! मी निवडीच्या यादीत आलोय. जयसिंगपूरजवळच्या कारखान्याची लॅब हाय. कॅमेऱ्यावर घेणार हाईत."

"मग रडतेस कशाला?"

"जयसिंगपुरात मावशी ऱ्हाती माझी. आई म्हणाली, बहिणीच्या गावात यीन मी. एवढीच एक जागा हाय चाचा, जिथं नोकरीबी हाय आणि आईबी यील."

मी तारीख विचारली आणि कपाळाला हात लावला. गणेश चतुर्थी! सकाळी अकरा. कंपनीचं मुख्य ऑफिस कुठं तरी दुसऱ्या राज्यात होतं, त्यांना काय कल्पना. तारीख बदलून मागायची तिची छाती होईना. तिच्या वाडीत पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही पाहुण्यासारख्या येतात. मी म्हणालो, "ये. आमच्या गल्लीतली तालीम गणपती आणायला दुपारनंतर निघते. अकराला पाखरूसुद्धा नसेल."

इथं आमच्या तालमीबद्दल सांगायला हवं. तालीम म्हणजे नावाला कुस्तीचा आखाडा, खरं तर गल्लीचं दुसरं घर. मोहरमचे पंजे आणि गणपती एकाच छपराखाली बसतात, आणि दोन्ही वेळेला वर्गणी मागायला पोरं तीच असतात. त्यांचा म्होरक्या रवी. पंचविशीच्या पुढचा, आयटीआय झालेला, मिळेल तेव्हा टेम्पोवर जाणारा. आवाज असा की त्यानं इथं हाक मारली तर पार मिरजकर तिकटीच्या चौकात माणूस मागं वळेल. नोकरीच्या अर्जासाठी त्याचे फोटो मी किती वेळा काढले असतील, आठवत नाही.

चतुर्थीला अश्विनी पहिल्या एसटीनं आली. आकाशी रंगाचा साधा कुर्ता, हातात डबा. शहनाजनं तिला जबरदस्तीनं दोन घास खायला लावले. अकराला समोर स्क्रीनवर दोघं जण आले, एक चष्मेवाले साहेब आणि एक बाई. मी दार ओढून बाहेर काउंटरवर बसलो. आतून तिचा आवाज येत होता, सुरुवातीला दबलेला, मग हळूहळू सावरत गेलेला. मी मनातल्या मनात म्हटलं, जमतंय पोरीला.

आणि तेवढ्यात लांबून ताशा कडकडला.

दुपारनंतर कुंभार गल्लीत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून पोरांनी यंदा सकाळीच मूर्ती उचलली होती. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बघता बघता मिरवणूक गल्लीच्या तोंडाशी आली. पुढं ताशे, मग ढोल, मागं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गणपती, आणि त्याच्या मागं दुसऱ्या ट्रॉलीवर बेंजोचा बँड, भिंतीएवढ्या स्पीकरांसह. माझ्या शोकेसची काच थरथरायला लागली. मी शटर अर्धं ओढलं, दाराच्या फटीत पडदे कोंबले. काही उपयोग नाही. कोल्हापूरचा बेंजो पडद्यांनी अडत असता तर काय हवं होतं?

मी आतलं दार किलकिलं केलं. स्क्रीनवरचे साहेब कानाला हात लावून काही तरी सांगत होते. तिनं तिसऱ्यांदा "सॉरी सर" म्हटलं आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती भीती होती. एवढ्या काळानंतर पहिल्यांदा एक माणूस तिच्याशी बोलत होता आणि तिला त्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

मी चप्पल न घालता रस्त्यावर धावलो. गुलालात, गर्दीत, कोपरं खात रवीपर्यंत पोचलो. तो ट्रॉलीवर उभा राहून हातवारे करत होता.

"रव्या, बंद कर! सगळं बंद कर!"

तो वाकला. माझा चेहरा बघून त्याचाही उतरला.

"काय झालं चाचा? कोन गेलं काय?"

आमच्याकडे रीत आहे. मिरवणुकीच्या वाटेवर कुणाच्या दारात मयत असली, तर तेवढं घर पार होईपर्यंत वाजंत्री थांबते. कुणाला सांगावं लागत नाही. त्याला वाटलं, शहनाजचं काही झालं.

"कोण गेलं नाही रे. आत इंटरव्ह्यू चाललाय."

"काय चाललाय?"

"इंटरव्ह्यू! नोकरीचा! मोबाइलवर... कॅमेऱ्यावर!"

"कुनाचा?"

"एका पोरीचा. राधानगरीकडची आहे."

"म्हंजे आपल्या गल्लीतली न्हाय?"

"न्हाय."

क्षणभर मला वाटलं, आता हा हसणार. वर्षाचा सण, हजारो रुपये देऊन आणलेला बेंजो, मागं दुसऱ्या मंडळांची रांग, आणि मी एका परक्या मुलीसाठी थांबा म्हणत होतो. रवीनं एकच प्रश्न विचारला.

"माणूस हाय काय समोर? का निस्तं यंत्र इचारतंय?"

"दोन माणसं आहेत."

त्यानं दोन्ही हात वर केले आणि मग तो आवाज काढला. "बंद करा रं! इंटरव्ह्यू चाललाय!"

बेंजो थांबला. ढोल थांबले. एक ताशेवाला ऐकू न आल्यानं वाजवत राहिला, त्याच्या डोक्यात कुणी तरी टपली मारली. ट्रॅक्टरचं इंजिन बंद झालं. मागच्या मंडळाचा आवाज अजून येत होता, तर एक निरोप माणसागणिक मागं सरकत गेला, "इंटरव्ह्यू हाय... इंटरव्ह्यू हाय..." आणि तोही आवाज विझला. बंदोबस्तावरचा हवालदार काठी हलवत आला. "का थांबवलंय? पुढं घ्या."

"सायेब, आत इंटरव्ह्यू चाललाय," रवी कुजबुजला. रवी कुजबुजला, हे मी पुन्हा लिहितो, कारण गल्लीत त्यावर अजूनही कुणी विश्वास ठेवत नाही.

हवालदारानं माझ्या स्टुडिओच्या पाटीकडे पाहिलं, माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं. "किती वेळ?"

"दहा-पंधरा मिनिटं."

"मग ओवाळून घ्या तोवर. पण आरती म्हणू नका, बोंब हुईल," असं म्हणून तोच गर्दीकडे तोंड करून उभा राहिला.

गल्लीतल्या बायका ताटं घेऊन पुढं आल्या आणि त्यांनी मुकाट्यानं गणपतीला ओवाळलं. ढोलांच्या काठ्या काखेत धरून शंभरेक पोरं उभी होती. त्यांतली कितीक जण माझ्या स्टुलावर बसून गेलेली. इंटरव्ह्यू म्हणजे काय हे कुणालाच समजावून सांगावं लागलं नाही. मयताच्या दारात थांबलेली वाजंत्री मी लहानपणापासून पाहिली होती. एका जित्या पोरीसाठी थांबलेली पहिल्यांदाच पाहिली. माझा चेहरा कुणाला दिसू नये म्हणून मी आत गेलो.

आत साहेब विचारत होते, मधली वर्षं रिकामी का? माझं इंग्रजी बेताचं, पण एवढं कळलं. ती म्हणाली, "रिकामी नव्हती सर. वडिलांचं करत होते. आणि रोज सकाळी गावच्या दूध संकलन केंद्रावर फॅट तपासत होते. माझा हात बसलेला आहे." मग बाईंनी दुधाबद्दलच खोदून खोदून विचारलं आणि ती धडाधड सांगत गेली. शेवटी साहेबांना एकदम आठवलं. म्हणाले, मघाशी फार आवाज होता, तुम्ही जागा बदललीत का?

अश्विनीनं दारातल्या माझ्याकडे पाहिलं, मी बाहेर बोट दाखवून मान हलवली. "नाही सर," ती म्हणाली. "बाहेर मिरवणूक आहे. ते माझ्यासाठी थांबलेत."

मग बाई म्हणाल्या, त्यांना आमच्याकडून धन्यवाद सांगा. आणि लगेच पुढचा प्रश्न.

ती बाहेर आली आणि पायरीवर थबकली. एवढा थांबलेला जनसमुदाय तिनं कल्पनेतही पाहिला नव्हता. गणपतीसकट सगळे तिच्याकडे बघत होते.

"ताई, पास का?" रवीनं विचारलं.

"कळवतो म्हणालेत," ती म्हणाली.

सगळ्या मिरवणुकीतून एकच "ओऽऽ" निघाला. "कळवतो" या शब्दाचा अर्थ त्या गर्दीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ होता. एक पोरगं तर म्हणालं, "गेलं मग." रवीनं त्याच्यावर डोळे वटारले. "कळवत्यात! कळवत्यात ताई. वाजवा रं!" आणि मग जे वाजलं, त्यात माझ्या शोकेसची एक काच गेली.

त्यानंतर मला दुकानात बसणं मुश्कील झालं. जाणारायेणारा विचारी, "चाचा, पोरीचं काय कळलं?" भाजीवाली विचारी, हवालदार मोटारसायकल थांबवून विचारी, मागच्या मंडळाची अनोळखी पोरं येऊन विचारीत. मी अश्विनीला फोन करायचो, ती म्हणायची, अजून विचाराधीन. विसर्जन झालं, पितृपक्ष लागला. पूर्वी एका माणसाच्या नोकरीची वाट बघायला गाव असायचं, ते गेलं असं मी वर सुचवलं आहे. ते मला खोडावंसं वाटतं. आमची गल्ली महिनाभर वाट बघत होती, आणि मुलगी गल्लीतली नव्हती.

नवरात्रात ती आली. पेढ्यांचा पुडा हातात, सोबत आई. आईला कुणी काही सांगायची गरजच नव्हती, ती दारातच शहनाजच्या गळ्यात पडली. जयसिंगपूरला मावशीच्या शेजारची खोली ठरली होती, पुढच्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. इतक्या वर्षांत लोकांचे फोटो काढले, त्यांचं पुढं काय झालं हे मला क्वचित कुणी सांगायला आलं. ही मुलगी आईला घेऊन सांगायला आली. मी या धंद्याचा ऋणी आहे, तो अशा दिवसांसाठी.

पेढे घेऊन ती तालमीत गेली. पोरांनी पेढे खाल्ले, दंगा केला. रवीनं खाल्ला नाही, हातातच धरून ठेवला. सगळे पांगल्यावर तो तिच्या मागून स्टुडिओत आला आणि काउंटरला टेकून उभा राहिला.

"ताई, एक इचारू काय? त्येनी काय काय इचारलं?"

"का हो दादा?"

"मला कुनी बोलावल्यालंच न्हाय अजून. एवढं अर्ज केलं. समजा बोलावलं एखाद्यानं, तर काय इचारत्यात तेच ठावं न्हाय."

अश्विनीनं आईकडे पाहिलं. गाडीला वेळ होता. ती मागच्या खोलीत गेली, निळ्या पडद्यासमोरच्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाली, "बसा," आणि स्वतः कॅमेऱ्याच्या बाजूला बसली. मी दिवा लावला. रवीनं पेढा खिशात घातला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसला.

"तुमच्याबद्दल सांगा," ती म्हणाली.

त्याचे ओठ हलले. काही तरी पुटपुटला, नाव असावं. तीन हातांवर उभ्या असलेल्या मला ऐकू आलं नाही.

"दादा," अश्विनी म्हणाली, "मोठ्यानं."

त्यानं घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.